गार्डसाहेबांचं रीळ

मी पहिलं रीळ उघडलं तेव्हा ह्यांचा उजवा हात अजून पट्टीत होता.

आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरच्या एका चाळीत राहत होतो. मी लग्न होऊन रत्नागिरीकडून आले तेव्हा दारासमोर भातखाचरं होती आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं. हे स्टेनलेसची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. बोलायला कमी, हाताला मात्र अतिशय चोख. गावी खाडीत मासे गरवत वाढलेला माणूस, पण इथे आल्यावर त्यांना गोड्या पाण्याचा नाद लागला. काशीमीऱ्याच्या बाजूला दगडाच्या जुन्या खदानी होत्या. पावसाचं पाणी साठून त्यांची खोल तळी झाली होती आणि त्यांत मरळ असायची, रोहू असायचा. मोरव्याहून टोपली घेऊन येणारी कोळीण ह्यांची मरळ बघून नाक मुरडायची. "चिखलाचा वास हाय त्याला. आमी न्हाय खात," म्हणायची. ह्यांना खाण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना फेकायला आवडायचं.

खदानीत गांडूळ लावून वाट बघत बसायचं नसे. गरीला चमच्याच्या आकाराचा चकचकीत पितळी पत्रा बांधायचा, काठीने तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवत पाण्यातून ओढून आणायचा. मरळ त्याला मासळी समजून झडप घालते. सगळा खेळ त्या रिळावर. मुठीएवढं यंत्र असतं ते. दोन बाजूंना दोन ताटल्या, मध्ये तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेली फिरकी, एका अंगाला हँडल. हँडल एकदा फिरवलं की आतल्या दातेरी चाकांमुळे फिरकी तीन-चार वेळा फिरते. फेकताना हीच फिरकी मोकळी सुटते आणि तिच्यावर अंगठा हलकासा ठेवावा लागतो. अंगठा चुकला की तंगुसाचा असा गुंता होतो की कापून टाकण्याशिवाय इलाज नाही.

त्या काळात नवीन रीळ मिळणं कठीण होतं. परदेशी माल येत नसे. जी होती ती इंग्रज जाताना मागे ठेवून गेले ती, वीस-पंचवीस वर्षं वापरून झिजलेली. त्यामुळे ज्याला रीळ दुरुस्त करता येतं त्याला फार मान. रविवारी ह्यांच्याकडे दोघं-तिघं तरी येऊन बसायचे. त्यांतले मुख्य म्हणजे गार्डसाहेब. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बाजूच्या गावचे ख्रिस्ती गृहस्थ, उंच, पांढऱ्या मिश्यांचे. ते ह्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि मला 'वहिनी'. मी चहा देऊन आत जायची.

मग तो अपघात झाला. प्रेसखाली पत्रा सरकवताना ह्यांची उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. कारखान्यातल्या एका पंजाबी उस्तादाने स्वतःची पगडी सोडून हात बांधला आणि टेम्पोत घालून ह्यांना दवाखान्यात नेलं, असं मला नंतर कळलं. मी पोचले तेव्हा हे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. मला म्हणाले, "गार्डसाहेबांचं रीळ उघडून ठेवलंय. झाकून ठेव, धूळ जाईल."

महिन्याभराने गार्डसाहेब आले. हात बघून खाली बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, ते रीळ राहू दे. असंच सुट्टं घेऊन जातो."

"नाही," हे म्हणाले. "ही करेल."

मी दारात उभी होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हिला कुठे येतं?" गार्डसाहेब म्हणाले.

"मी सांगेन. ती हात लावेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी मला जमिनीवर पांढरं धुतलेलं फडकं पसरायला लावलं. जो भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. रॉकेलच्या वाटीत बुडवायचा, दातांच्या जुन्या ब्रशने घासायचा, पुसायचा, परत त्याच जागी. हे खाटेवर बसून सांगत होते. पहिल्याच दिवशी एक बारीक स्प्रिंग माझ्या चिमटीतून उडाली. मी खोलीभर रांगत तासभर ती शोधत होते. हे वरून म्हणत होते, "स्क्रू सोडताना अंगठा वर ठेवायचा असतो. किती वेळा सांगू? गाढवाला सांगितलं असतं तर गाढव शिकलं असतं." तोवर ते मला असं कधी बोलले नव्हते. मला रडू आलं, पण स्प्रिंग सापडली, कपाटाच्या पायाशी. मी ती बसवली. रीळ जोडून झाल्यावर ह्यांनी ते डाव्या हातात घेतलं, कानाशी नेलं, अंगठ्याने फिरकी ढकलली आणि ऐकत राहिले.

"वाजतंय," म्हणाले. "पुन्हा उघड."

ते रीळ मी चार वेळा उघडलं.

कारखान्याने ह्यांना थोडे महिने फाटकावर रखवालदार म्हणून बसवलं. ज्या शेडमध्ये हे काम करत होते तिच्याकडे पाठ करून दिवसभर स्टुलावर बसायचं. मग तेही संपलं. हे घरी आले आणि खाटेवर बसू लागले. घरात रिळं येत राहिली. गार्डसाहेबांनी आपल्या ओळखीच्या माणसांना सांगितलं असावं, कारण मुंबईकडूनही कोणी कोणी पिशवीत रीळ घेऊन नवघर विचारत यायचं.

मी शिकले. सांगायला संकोच वाटतो, पण मला ते आवडू लागलं. आतली चाकं एकमेकांत बसतात तेव्हा हाताला जो मऊ हिसका लागतो, तो मला कळू लागला. तेल कुठे आणि ग्रीस कुठे, हे विचारावं लागेना. मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस तुटू नये म्हणून फिरकी थोडी सैल सुटावी लागते. त्यासाठी आत चामड्याच्या चकत्या असतात. त्या वाळून दगड झालेल्या असायच्या. चांभाराकडून मी मऊ चामडं आणायची, कातरायची, एरंडेलात भिजवून ठेवायची. फिरकीचा दांडा पितळेच्या बुशात, म्हणजे छोट्या नळीत, फिरतो आणि वर्षानुवर्षं फिरून बुशाचं भोक लांबट होतं. गार्डसाहेबांनी आपल्या रिळासाठी चोरबाजारातून कुठल्याशा मोडलेल्या यंत्रातली छर्‍यांची दोन बेअरिंगं आणली, करंगळीच्या नखाएवढी. "वहिनी, ही बसतील का?" हे म्हणाले, "नाही बसणार." मी मापून बघितलं. थोडं घासलं तर बसणार होतं. मी पंधरा दिवस रोज थोडं थोडं कानस मारून ती जागा वाढवली. हे बघत होते. बेअरिंग बसलं. फिरकी बोटाने ढकलली तर ती थांबायलाच तयार होईना.

ह्यांच्या स्वतःच्या रिळाचंही मी मनावर घेतलं होतं. फेकायचं डाव्या हाताने आणि हँडल फिरवायचं उरलेल्या उजव्या तळव्याने, असं जमण्यासारखं होतं. मी हँडलचा दांडा लांब करून घेतला, त्याला सुताराकडून भोवऱ्याएवढी लाकडी मूठ बसवली आणि मुठीला तळवा अडकेल असा चामड्याचा पट्टा शिवला. डाव्या अंगठ्याला सवय नव्हती म्हणून फिरकीच्या कडेला नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा चिकटवला, म्हणजे ती फार मोकळी सुटू नये. हे सगळं मी त्यांच्यासमोरच करत होते. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी गार्डसाहेब म्हणाले, चला, तिघंही जाऊ. आम्ही काशीमीऱ्याला उतरलो, ट्रकांच्या गॅरेजांमागून चालत खदानीवर गेलो. मी पहिल्यांदाच तिथे जात होते. तिन्ही बाजूंना कापलेला काळा दगड आणि खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी.

ह्यांनी पट्टा तळव्यात अडकवला, काठी डाव्या हातात घेतली आणि फेक केली. चमचा चार हातांवर पाण्यात पडला आणि रिळावर तंगुसाचा गोळा झाला. ते खाली बसले. गुंता सोडवायला दोन हातांची दहा बोटं लागतात. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे." दातांनी तोडून पुन्हा बांधायला लागले. तेही जमेना. मग मी बांधून दिलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चमचा मागच्या दगडावर आपटला.

तेवढ्यात गार्डसाहेबांनी आपलं रीळ सोडलं, बेअरिंग बसवलेलं. चमचा उन्हात चमकत गेला तो जातच राहिला आणि पार समोरच्या कड्याच्या सावलीत पडला. तिथवर त्यांचा चमचा आजवर कधी पोचला नव्हता. म्हातारा माणूस लहान मुलासारखा हसायला लागला. माझ्याकडे वळून म्हणाले, "क्या बात है! अरे, खरा मिस्त्री तर ही निघाली!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं. चेहऱ्यावर राग नव्हता. कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर बसलेले असायचे तेव्हा जसा चेहरा असायचा तसा होता. परतताना त्यांनी आपलं रीळ काठीवरून काढून माझ्या पिशवीत टाकलं. पुन्हा कधी मागितलं नाही.

त्यानंतर गार्डसाहेब आले की बोलणं माझ्याशी होऊ लागलं. "वहिनी, हँडल जरा डगमगतंय." "वहिनी, ह्याचा आवाज ऐका." हे खाटेवर असायचे. आधी मी मुद्दाम वळून विचारायची, "अहो, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणायचे, "तुला कळतं ना." पुढे पुढे मी विचारणं सोडलं. खरं तर त्याची गरजही नव्हती, आणि गरज नाही हे मला आवडतही होतं. ते त्यांना दिसत असणार. एका खोलीत दोन माणसं राहतात तेव्हा काय लपतं?

त्या पावसाळ्यात गार्डसाहेबांनी त्यांचं चांगलं रीळ आणून दिलं. रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाने जाताना त्यांना दिलेलं. ताटल्यांवर बारीक नक्षी, आतलं मोठं चाक जाड पितळेचं, दाते अजून धारदार. "पाऊस संपला की हेच वापरणार. सगळं साफ करून ठेवा," म्हणाले. मी दोन दिवस त्यावर काम केलं. चकत्या नव्या कातरल्या, ग्रीस भरलं, बंद केलं आणि फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. पुढच्या रविवारी मी बाजारात गेले असताना गार्डसाहेब येऊन ते घेऊन गेले. ह्यांनी काढून दिलं.

दसऱ्याच्या आसपास ते परत आले. रीळ हातात होतं. "वहिनी, हे खरखरतंय," म्हणाले. "आणि काल मासा लागला तेव्हा हँडल नुसतंच फिरलं. मासा गेला."

मी फडकं पसरलं. हे खाटेवर बसले होते. स्क्रू सोडले, ताटली उचलली. ग्रीस राखाडी झालं होतं. मी ते बोटांत चोळलं. वाळू असती तर मोठी लागली असती. हे पिठासारखं बारीक आणि काचेसारखं बोचरं होतं. ग्रीस पुसल्यावर चाक दिसलं. दात्यांची टोकं खाल्ली गेली होती आणि पिनियनचे, म्हणजे त्याला लागून फिरणाऱ्या छोट्या चाकाचे, दोन दाते पार सपाट झाले होते.

मला कळायला वेळ लागला नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला एक पेस्ट असते, लोखंडालाही खाते. तिची डबी ह्यांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीत होती, कारखान्यात असतानाची. ती पेटी मी कधी उघडत नव्हते. घरात आम्ही दोघंच होतो.

"काय झालं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

मी खाटेकडे बघितलं नाही. "माझी चूक," म्हटलं. "साफ करताना कचरा राहिला असेल. चाक गेलं."

"कचऱ्याने एवढं?"

"हो. माझंच लक्ष नव्हतं."

गार्डसाहेबांनी चाक बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. तसं दुसरं चाक मिळणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी चाक परत फडक्यावर ठेवलं, नेमकं त्याच्या जागी, आणि म्हणाले, "होतं वहिनी. माणूस आहे, होतं." चपला घालून निघून गेले. चहाही घेतला नाही.

पुढे कित्येकदा मला वाटलं की मी त्या दिवशी नवऱ्याची लाज राखली. लोकांनी विचारलं असतं तर मीही असंच सांगितलं असतं. पण ते खरं नाही. मला त्यांना वाचवायचं नव्हतं. त्यांनी खाटेवर बसून ते ऐकावं आणि त्यांना लागावं, म्हणून मी ते म्हटलं.

दार लावून मी विचारलं, "का केलंत?"

ते फडक्यावरच्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटलं, रीळ खरखरलं की तू मला विचारशील."

"मी विचारलं असतं तर काय सांगणार होतात?"

"ते ठरवलं नव्हतं."

"डाव्या हाताने उघडलंत? एकट्याने?"

"दोन तास लागले," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात, देवा, थोडा अभिमान होता. एका हाताने आणि एका अंगठ्याने त्यांनी ते रीळ उघडलं होतं आणि जसंच्या तसं जोडलं होतं. अपघातानंतर त्यांनी पूर्ण केलेलं ते पहिलं काम.

मी उठून तांदूळ निवडायला बसले. आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. झिजलेलं चाक आणि पिनियन रुमालात बांधले. "चल," म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही. आम्ही कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. नवा रखवालदार त्यांना ओळखत नव्हता. त्याने आत जाऊ दिलं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत तो पंजाबी उस्ताद बाहेर आला. ह्यांना बघून थबकला. जवळ येऊन आधी म्हणाला, "हाथ दिखा." ह्यांनी हात पुढे केला. उस्तादाने तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट करून बघितला, जशी एखादी दुरुस्ती बघावी तसा.

"ठीक से भरा नहीं," म्हणाला.

ह्यांनी रुमाल सोडला. दाते किती, कोन काय, जाडी किती, सगळं ते भराभरा सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं. उस्ताद म्हणाला, हे बारीक काम आहे, माझ्या मशीनवर एवढं बारीक जमणार नाही. हे म्हणाले, "तू लगा तो सही. मैं बताता हूँ." उस्तादाने दोन्ही चाकं खिशात टाकली.

त्याने तीन आठवड्यांनी चाकं आणून दिली. एकदा नाही, दोनदा करून बघितली, म्हणाला. मी ती बसवायला घेतली. ह्यावेळी हे खाटेवरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. एक दाता थोडा घास, म्हणाले, मी घासला. दुसरा. आम्ही चार दिवस बसलो. मी एकदाही नाही म्हटलं नाही, तेही एकदाही ओरडले नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती छान जोडपं. पितळच हलकं होतं. रीळ फिरलं, पण आत कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज राहिला. तो जाणार नव्हता.

गार्डसाहेबांना निरोप धाडला. ते आले, हँडल फिरवून ऐकलं आणि म्हणाले, "चलेल."

मी ह्यांच्याकडे बघत होते. आता सांगतील, असं मला वाटत होतं. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "गार्डसाहेब," म्हणाले. म्हातारा थांबला. रस्त्यावरून कुणाचीतरी हातगाडी गेली तेवढा वेळ गेला.

"चहा घेणार?" ह्यांनी विचारलं.

"नको, मिस्त्री," गार्डसाहेब म्हणाले. "उशीर झालाय." ते गेले.

त्यांनी पुन्हा रीळ आणलं नाही. पुढच्या वर्षी ते वसईला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले, असं कोळिणीकडून कळलं. त्यांना काही कळलं होतं का, की नुसताच माझ्या हातावरचा विश्वास गेला होता, ते मला माहीत नाही. त्यांच्या ओळखीने येणारी बाकीची माणसंही येईनाशी झाली. 'नवघरच्या बाईने गार्डचं रीळ घालवलं' हे खदानीवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ते मीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

मी आमच्याकडेच नव्याने झालेल्या एका शेडमध्ये पंख्याच्या मोटारींना तार गुंडाळायच्या कामाला लागले. हे घरी भात लावायचे, एका हाताने विहिरीवरून पाणी आणायचे. वाईट वागले नाहीत. दारू नाही, मारझोड नाही. पण काहीतरी विचारायचं असलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि मी पटकन उत्तर द्यायची, म्हणजे त्यांना पुढे बोलावं लागू नये. असं पाच वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले.

शेवटच्या दोन दिवसांत ते शुद्धीवर होते. बोलायला वेळ होता आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी उशाशी बसून त्यांच्या तोंडात चमच्याने उसाचा रस घालत होते. ते म्हणाले, पुरे. मी वाटी खाली ठेवली. त्या रिळाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.